वाफगावचा भुईकोट आणि आपण इंदूरकर

राजवाड्यासमोरून आपण वर्षानुवर्षे जातो. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण तो बांधणाऱ्या घराण्याचे दक्षिणेतले घर पाहिलेले किती जण आपल्या मंडळात निघतील? पंचेचाळीस वर्षांचा होईपर्यंत मीही त्यात नव्हतो. मागच्या हिवाळ्यात भाच्याच्या मुंजीसाठी पुण्याला गेलो आणि एक दिवस मुद्दाम राखून वाफगाव गाठले.

पुणे-नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, म्हणजे जुने खेड, आणि तिथून आत वळायचे. याच खेड तालुक्यात गायकवाडांचे दावडी गाव आहे, म्हणजे बडोदेकरांनीही हा रस्ता लक्षात ठेवावा. दोन्ही बाजूंना कांद्याची शेते, आणि मग घरांच्या वर डोके काढलेले बुरुज दिसू लागतात.

डोंगरी किल्ले राज्याचे, गढी मात्र घराण्याची. दसऱ्याला सीमोल्लंघन करून सरदार मुलुखगिरीला निघाला की पावसाळ्याच्या तोंडापर्यंत घरी नसे. मागे बायकापोरे, धान्याची पेवे, दप्तर आणि ठेव यांची राखण करायची असे. म्हणून घरालाच तट घालायचा, बुरुजांत जंग्या ठेवायच्या आणि मोठे दार लावून दिंडीतून ये-जा करायची. मल्हारराव होळकरांनी हा भुईकोट उभारला. जागेची निवड मला फार हुशारीची वाटते. पुण्याचा दरबार दोन मजलांवर, आणि नाशिक-खानदेशाकडून उत्तरेला जाणारी वाटही जवळ.

मी डिप्लोमा सिव्हिलचा माणूस, सरकारी नोकरीतला. त्यामुळे नजर आधी सांध्यांवर गेली. चुना अजून असा धरून आहे की आमच्या ठेकेदारांना आणून दाखवावा. मात्र वरचे पाणी भिंतीत मुरते तिथे पिंपळ उगवले आहेत. पिंपळाचे मूळ आधी बारीक फटीत शिरते, मग जाड होत जाते आणि चिरा बाहेर ढकलते. शत्रूच्या तोफेपेक्षा हे काम सावकाश होते, पण चुकत नाही. आत राजसदर आहे, राणीमहाल आहे, देऊळ आहे. रयत शिक्षण संस्थेची शाळा इथे अनेक वर्षे भरली. वापरातल्या इमारतीत कुणीतरी झाडलोट करते, गळके कौल बदलते. ओस पडलेल्या वास्तूला तेवढेही मिळत नाही.

याच वाफगावात 1776 मध्ये यशवंतराव होळकरांचा जन्म झाला. तुकोजीरावांचा हा मुलगा औरस नव्हता, त्यामुळे गादीवर हक्क सांगणे सोपे नव्हते. ऑगस्ट 1797 मध्ये तुकोजीराव वारले आणि महिन्याभरातच भाऊ मल्हारराव पुण्यात शिंद्यांच्या फौजेकडून मारला गेला. 1801 च्या एप्रिलमध्ये दुसरा भाऊ विठोजी याला पेशव्यांनी हत्तीच्या पायी दिले. त्याच वर्षी सर्जेराव घाटग्यांनी आपले इंदूर लुटले आणि जाळले. (ग्वाल्हेरकर मित्रांनी रागावू नये, उज्जैनीला आधी आम्हीही कमी केले नव्हते!)

25 ऑक्टोबर 1802 रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतरावांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. लहानपणी मी एवढेच ऐकले होते की होळकराने पुणे लुटले. पुढे पैशासाठी शहरात जबरदस्ती झाली, हे खरेच आहे. पण विठोजीची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. आणि वसईला जाऊन 31 डिसेंबरला इंग्रजांशी तह केला तो बाजीरावाने. यशवंतराव त्या इंग्रजांशी लढले. 1804 मध्ये त्यांनी कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत मागे रेटले आणि दिल्लीला वेढा घातला. डिसेंबर 1805 मध्ये राजघाटचा तह झाला. त्यानंतर भानपुऱ्यात तोफा ओतण्याचा कारखाना घालून ते पुन्हा तयारीला लागले. तिथेच 1811 मध्ये, पस्तिशीही पुरी न होता, ते गेले.

दरवाज्यापाशी एक म्हातारेबुवा उन्हाला बसले होते. त्यांनी विचारले, "कुठून आलात?" इंदूर म्हणताच ते उठूनच उभे राहिले. म्हणाले, "मग पाहुणे कसले, घरचेच की!" मग विचारले, "मूळ गाव कोणतं तुमचं?" आमच्या पाच पिढ्या माळव्यात गेल्या. कुलदैवत सांगता आले, गाव सांगता आले नाही. त्यांनी ते मनावर घेतले नाही. घरून चहा मागवला आणि म्हणाले, "आमच्या राजाची छत्री तुमच्याकडे आहे ना, भानपुऱ्यात? कशी आहे हो?"

गांधीसागरच्या बाजूला कामानिमित्त मी दोनदा भानपुऱ्यातून गेलो आहे. दोन्ही वेळा जीप थांबवली ती चहासाठी. त्यांना मी सांगितले की पुढच्या खेपेला बघून फोटो पाठवतो, आणि त्यांच्या नातवाचा नंबर लिहून घेतला.