दहा फूट, पण कुठून?

बॉस्टनच्या आसपास राहत असाल, तर काही घरांच्या बाहेरच्या भिंतीवर, जमिनीपासून निदान आठ फूट वर, एक लहानशी पाटी दिसेल: खाली गॅसचा व्हेंट आहे, त्याच्यासमोर अडथळा नको. पाटी इतकी उंच का, हे बर्फ पडला की कळतं. व्हेंट ढिगाखाली जातो, पाटी मात्र दिसत राहते.

जानेवारी २००५मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला असंच झालं. हिमवादळात एका घराच्या हीटरचा व्हेंट बर्फाने बुजला. जळालेला वायू बाहेर पडायच्या ऐवजी घरात साठला आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे सात वर्षांची एक मुलगी दगावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्या नावाने कायदा झाला, ‘निकोल्स लॉ’. तो ३१ मार्च २००६पासून लागू झाला. त्याचा गाभा छोटा आहे: राहत्या प्रत्येक मजल्यावर एक डिटेक्टर, आणि झोपायच्या खोल्या असतील तिथे त्यांच्या दारापासून दहा फुटांच्या आत. न्यूयॉर्क शहराने २००४मध्येच असा नियम केला होता. तिथे अंतर पंधरा फूट.

आता हे दहा-पंधरा फूट कुठून मोजलेत ते बघा. हीटरपासून नाही, झोपणाऱ्या माणसापासून.

आपल्याकडे सिलिंडरचा गॅस गळला, तर आधी नाकाला कळतं, कारण त्यात मुद्दाम वास घातलेला असतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साचतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही आणि वजन जवळपास हवेइतकंच, त्यामुळे तो घरभर पसरतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. जागा माणूस निदान दार उघडून बाहेर तरी जाईल. झोपलेला तसाच झोपून राहतो. म्हणून अमेरिकेतल्या या नियमांनी आधी कानाचा विचार केला: भोंगा वाजला तर झोपेत ऐकू येईल का?

पण भोंगा फार वाजला तरी पंचाईत. शिकागोने ऑक्टोबर १९९४मध्येच घरोघरी डिटेक्टर सक्तीचे केले. डिसेंबरात हवा कोंडली, गाड्यांचा धूर शहरावरच साचला आणि डिटेक्टर वाजू लागले. अग्निशमन दलाला दिवसाला हजाराहून जास्त फोन गेले. पुढच्याच वर्षी डिटेक्टरचं मानक बदललं, म्हणजे थोडक्या वायूला ते वाजू नयेत. आजचा अमेरिकन डिटेक्टर ७० पीपीएमला एक ते चार तासांनी वाजतो, ४०० पीपीएमला चार ते पंधरा मिनिटांत. लोकांनी वैतागून बॅटरी काढून टाकली, तर कायद्याचा उपयोग काय?

इंग्लंडने उलट बाजूने सुरुवात केली. २०१५च्या नियमात भाड्याच्या घरात फक्त लाकूड-कोळसा जाळणाऱ्या उपकरणाच्या खोलीत अलार्म लागे. १ ऑक्टोबर २०२२पासून गॅस बॉयलरची खोलीही त्यात आली. स्वयंपाकाची गॅस शेगडी मात्र वगळलेली आहे. बिघडल्याचं कळवलं, तर घरमालकाने अलार्म दुरुस्त करायचा किंवा बदलायचा. पण इथे मोजमाप उपकरणापासून. बॉयलर खाली किचनमध्ये, तुम्ही वरच्या मजल्यावर दार लावून झोपलेले: कायदा पाळला गेला, पण भोंगा ऐकू येईलच असं नाही.

म्हणजे प्रत्येक नियम एका प्रश्नाचं उत्तर आहे, दोन्हींचं नाही. दुसरं उत्तर आपणच शोधायचं. लंडनला असाल, तर बेडरूमजवळ आणखी एक अलार्म लावा. बॉस्टनला असाल, तर बर्फ पडल्यावर गाडीआधी व्हेंट मोकळा करा. डिटेक्टरच्या मागची तारीख बघा. तो कायमचा टिकत नाही.

आणि घरी फोन कराल तेव्हा एक विचारा: गॅस गिझर बाथरूमच्या आत आहे का? महाराष्ट्रात बंद बाथरूममधल्या गिझरने माणसं गेल्याच्या बातम्या येत राहतात, आणि तिथे बहुतेक घरांत डिटेक्टरच नसतो. गिझर बाहेर हलवणं सगळ्यात चांगलं. तोवर आधी बादली भरायची, गिझर बंद करायचा आणि मगच दार लावायचं.