खुंट आणि पानसोट

अंबिया बहाराचे दिवस. नागपुरातल्या कळमन्याच्या फळबाजारात सकाळी पाय ठेवायला जागा नसते. जमिनीवर संत्र्याचे ढीग, ढिगांभोवती खरेदीदारांचं कोंडाळं, हमालांचं "सरका भाऊ, सरका" आणि बोली पुकारणाऱ्याचा बसलेला घसा. काटोलकडच्या एका काकांना आपल्या ढिगाचा फोटो घरी पोराला पाठवायचा होता. कॅमेरा उघडला, बटण दाबलं की पडद्यावर एकच पाटी: स्टोरेज भरलं आहे.

"मी त काहीच भरलं नाही याच्यात," काका म्हणाले.

फोन हातात घेऊन पाहिला. बोलणं खरं होतं. शे-दोनशे फोटो आणि चार भजनं, एवढाच त्यांचा संसार. बाकी दोन गेम, एक बातम्यांचं अॅप, एक कर्ज देऊ पाहणारं, एकावर एक असे तीन ब्राउझर आणि कंपनीचं स्वतःचं दुकान. बहुतेकांना 'काढून टाका' हे बटणच नाही. 'बंद करा', एवढीच मुभा.

"हे फोनसोबतच येतात काका."

"म्हणजे पानसोट," काका म्हणाले.

बागायतदाराला याहून अधिक सांगावं लागत नाही. नागपुरी संत्र्याचं झाड एकसंध नसतं. खाली जंबेरीचा नाहीतर रंगपूर लिंबाचा खुंट आणि त्यावर संत्र्याचा डोळा भरलेला. खोडातून किंवा खुंटातून सरळसोट उठणारी, दाट पानांची, अन्नपाणी ओढणारी आणि फळ न देणारी फूट म्हणजे पानसोट. ती वेळच्या वेळी काढावी लागते. फोनमधली अशी फूट बुंध्यापासून काढायची तर फोन 'रूट' करावा लागतो. आणि गंमत म्हणजे रूटचा अर्थही मूळच.

आपल्याकडे या शब्दाची पंचाईत आहे. देवनागरीत बसचा रूट आणि झाडाचा रूट सारखेच दिसतात, आणि बहुतेकांची पहिली ओळख दाताच्या रूट कॅनॉलमुळे झालेली असते. फोनमधला रूट मात्र थेट १९६९ सालापर्यंत मागे जातो. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली रचायला घेतली. तिच्यातल्या फाइली एका झाडासारख्या मांडल्या होत्या, पण झाड उलटं. सगळ्यात वर मूळ आणि खाली फांद्या. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ असाच आहे, त्यामुळे ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या घरात हे चित्र समजावून सांगायला फार वेळ लागू नये. त्या मुळाची खूण म्हणजे नुसती एक तिरपी रेघ. सगळ्या यंत्राची मालकी ज्याच्याकडे, त्या वापरकर्त्याचं घर त्या मुळाशीच, म्हणून त्याचं नावही रूट. त्याचा क्रमांक शून्य. बाकीच्यांना आपापल्या खोलीपुरती सत्ता. शून्याला कुठलंच दार बंद नाही.

नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत 'एसयू' नावाची दोन अक्षरी आज्ञा आहे. परवलीचा शब्द सांगा आणि शून्य व्हा. याच घराण्यातली रिचींची दुसरी कल्पना जास्त चलाख होती. एखाद्या प्रोग्रॅमवर अशी खूण करायची की चालवणारा कोणीही असो, चालताना अधिकार मात्र प्रोग्रॅमच्या मालकाचा लागू व्हावा. मुनीम सही करतो, पण शिक्का शेठचा उमटतो, तसं. तिचं पेटंट १९७९ साली मिळालं. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांत रूट म्हणजे बहुतेक वेळा हेच असायचं: ती खूण केलेली 'एसयू'ची एक फाइल आत सरकवून ठेवायची.

लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ साली लिनक्स आणलं ते युनिक्सच्याच वळणावर, आणि अँड्रॉइडचा खुंट लिनक्सचा. पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसीचा जी-वन, ऑक्टोबर २००८मध्ये अमेरिकेत विकायला आला. त्याला सरकवून बाहेर काढायचा कीबोर्ड होता. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच एक अजब प्रकार उघडकीला आला. एकाने फोन नुकताच बंद-चालू केला होता. मैत्रिणीने विचारलं, उत्तर का नाही दिलंस? त्याने कारण म्हणून एकच शब्द टाइप केला, 'रीबूट'. आणि फोन खरोखरच पुन्हा बंद होऊन चालू झाला! झालं होतं असं की पडद्यामागे रूटच्या अधिकाराने एक आज्ञावाचक चालूच राहिला होता. कीबोर्डवर जे उमटेल ते संदेशातही जायचं आणि त्याच्या कानावरही पडायचं. शून्य क्रमांकाचा मालक भिंतीआड बसून सगळं ऐकत होता आणि हुकूम पाळत होता.

गूगलने घाईने अपडेट पाठवून ते भोक बुजवलं. आता खरी मजा पाहा. हौशी मंडळींना ते भोक हवं होतं. अपडेट घेतलेले लोक फोनवर मुद्दाम जुनं सॉफ्टवेअर चढवायचे, भोकातून आत शिरायचे, आणि मग नवीनाकडे यायचे. अपडेट आणि रूट या सवती झाल्या त्या तिथपासून.

पुढच्याच वर्षी आणखी एक वळण आलं. स्टीव्ह कॉन्डिक या प्रोग्रॅमरने याच फोनसाठी 'सायनोजेनमॉड' नावाची सुधारित प्रणाली लोकांना फुकट वाटायला सुरुवात केली. सप्टेंबर २००९मध्ये गूगलने त्याला नोटीस धाडली. कारण? त्यात जीमेल, मॅप्स, यूट्यूब ही गूगलची अॅप्स परवानगीशिवाय घातली होती म्हणून. जी अॅप्स पुढे कोट्यवधी लोकांना काढता येईनात, ती घातल्याबद्दल एकाला तंबी!

आपल्याकडे मायक्रोमॅक्स, कार्बन, लावाचे स्वस्त फोन आले आणि रूट हा शब्दही बोळाबोळांत पोचला. दुरुस्तीच्या टपऱ्यांवर मात्र 'सॉफ्टवेअर मारणे' हाच वाक्प्रचार. फोन हँग होतो? सॉफ्टवेअर मारू. लोगोवर अटकला? सॉफ्टवेअर मारू. पोरं घरी स्वतःच रूट मारायची आणि फसलं की डेड झालेला फोन घेऊन टपरीवर यायची. २०१४ साली जॉर्ज हॉट्झने 'टॉवेलरूट' काढलं, तेव्हा लिनक्सच्या गाभ्यातल्या एका चुकीचा फायदा घेत कित्येक फोन एका बटणावर रूट व्हायला लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलने मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांना हाताशी धरून भारतात अँड्रॉइड वन आणलं. सहा-साडेसहा हजारांचा फोन, अपडेट थेट गूगलकडून, वरची भरताड कमी. कल्पना चोख होती, पण बाजाराने तिला फारसं उचललं नाही.

का नाही उचललं, ते कळमन्यात उभं राहिलं की लगेच कळतं. प्रश्न अडतीचा, म्हणजे मध्यस्थाच्या दलालीचा आहे. जुलै २०१६मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा राज्यभर व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. अडत तीच, देणारा बदलला. स्वस्त फोनचाही हिशेब असाच. शाओमीने २०१८ साली जाहीरच केलं की यंत्रावर पाच टक्क्यांहून जास्त निव्वळ नफा ठेवणार नाही, कमाई इंटरनेट सेवांतून करू. म्हणजे जाहिराती आणि अॅप. गिऱ्हाइकाला दर कमी लागतो, पण अडत कुणीतरी देतंच: ज्याला तुमच्या पडद्यावर आयती जागा हवी तो देतो, आणि ती जागा तुमच्या स्टोरेजमधून जाते. मला यात लबाडीपेक्षा न सांगितलेपणा जास्त खटकतो. बाजार समितीच्या पट्टीवर हमाली, तोलाई वेगळी लिहिलेली असते. फोनच्या बिलात अशी एकही ओळ नसते.

न मागवलेल्या अॅप्सचा विषय सरकारदरबारीही येत राहिला. २९ जून २०२०ला केंद्र सरकारने ५९ चिनी अॅप्सवर बंदी घातली. त्या यादीत काही अॅप्स अशीही होती जी फोनसोबतच आलेली, म्हणजे मालकाने कधी मागवलीच नव्हती. २० ऑक्टोबर २०२२ला भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला. सगळी अॅप्स एका गठ्ठ्यात घ्यायची सक्ती फोन कंपन्यांवर नको आणि ती काढायची वाट गिऱ्हाइकाला असावी, हा त्या आदेशाचा एक भाग होता. आणि नोव्हेंबर २०२५मध्ये दूरसंचार विभागाने 'संचार साथी' हे सरकारी अॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये घालायला सांगितलं. ओरड झाली तसं आठवड्याच्या आत सक्ती मागे घेतली.

रूटचं काय झालं? मला वाटतं, त्याला कंपन्यांनी मारलं नाही, क्यूआर कोडने मारलं. कंपन्यांचे प्रयत्न होतेच. २०१४च्या अँड्रॉइड ५पासून अपडेट हे फाइलींना ठिगळ न लावता सगळ्या सिस्टीमच्या विभागावर एकसंध चढायला लागलं. आतली एक फाइल जरी हललेली असली तरी अपडेट अडायचं. पण त्यालाही लोकांनी बगल दिली. २०१६ साली जॉन वू याने काढलेलं 'मॅजिस्क' सिस्टीमला हातच लावायचं नाही, बाजूला उभं राहून काम करायचं. मात्र त्याच वर्षी यूपीआय आलं. बँकेचं अॅप उघडताना फोनची तपासणी करतं आणि रूट दिसला की बरेचदा दार लावून घेतं. चहाचे दहा रुपये फोनने द्यायचे असतील, तर मुळावरचा हक्क कोण सांगत बसणार?

आता उरली आहे ती छाटणी. फोन केबलने संगणकाला जोडून एक आज्ञा देता येते: हे अॅप शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्यापुरतं काढ. हा शून्य वेगळा. तो रूट नव्हे. फोनच्या पहिल्या वापरकर्त्यालाही अँड्रॉइड शून्यच क्रमांक देतं. त्यामुळे अॅप तुमच्या नजरेआड होतं, पण सिस्टीमच्या विभागात जसंच्या तसं पडून राहतं. फॅक्टरी रीसेट केलं की परत हजर.

काकांच्या फोनवर तेवढाही उद्योग शक्य नव्हता. त्यांची 'बंद करा'ची बटणं दाबत गेलो. बंद करताना अॅपने नंतर घेतलेली अपडेटं निघून जातात, तेवढीच जागा सुटते. सात अॅप्स बंद झाली आणि कॅमेऱ्याने ढिगाचा फोटो काढला. तो पोराला गेलाही. काका खूश. तेवढ्यात वरून एक चौकोन खाली सरकला.

"आता हे काय मांगते?"

"नवीन अपडेट आलं म्हणते. साडेतीन जीबी जागा पायजे."

बोलीवाला शेजारच्या ढिगापाशी पोचला होता. काकांनी फोन सदऱ्याच्या खिशात टाकला आणि दोन संत्री उचलून वर ठेवली, देठ खाली करून.