कमाई कुणाची? स्त्रीच्या हिशेबाच्या वहीचा इतिहास

नोकरी करणाऱ्या बाईने पैशाचं नियोजन कसं करावं, याबद्दल सल्ल्यांना आज तोटा नाही. आधी बचत बाजूला काढा, उरलेल्यात खर्च भागवा, सोनं किती, विमा किती. सल्ले चांगलेच आहेत. पण त्या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे पगार तिचा आहे. अंदाजपत्रक हा शेवटी निर्णय असतो, आणि निर्णय घ्यायचा तर त्या पैशावर सत्ता लागते. ही सत्ता बाईच्या हाती कधी आली, हे आज पाहू.

सुरुवात धर्मशास्त्रापासून करू. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत. लग्नात अग्नीसमोर मिळालेलं, सासरी जाताना मिळालेलं, आई, बाप, भाऊ यांनी दिलेलं वगैरे. हे सगळं तिचं. पण त्याच ग्रंथाचा आठवा अध्याय म्हणतो की बायको, मुलगा आणि दास यांना धन नाही. ते मिळवतील ते त्यांच्या मालकाचं. पुढे कात्यायनाने हा मुद्दा अगदी नेमका मांडला. नातलगांनी प्रेमाने दिलेलं ते ‘सौदायिक’, त्यावर तिची पूर्ण सत्ता. मात्र शिल्पकर्माने, म्हणजे हातच्या कौशल्याने मिळवलेल्या धनावर नवऱ्याचा अधिकार. गंमत बघा, जे दिलं गेलं ते तिचं, आणि जे तिने घाम गाळून कमावलं त्यावर मात्र दुसऱ्याचा ताबा! सौदायिकालाही अपवाद होतेच. दुष्काळ, आजारपण, धर्मकार्य किंवा कैद अशा प्रसंगी नवऱ्याने स्त्रीधन वापरलं, तर ते परत करण्याचं बंधन याज्ञवल्क्य त्याच्यावर घालत नाही. अडीनडीला बाईचे दागिने आधी गहाण पडतात, त्या रिवाजाचं मूळ इतकं जुनं आहे.

आता १८७४ साली या. त्या वर्षी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. त्याचं चौथं कलम सांगतं की विवाहितेची मजुरी आणि कमाई ही तिची स्वतंत्र मालमत्ता, आणि त्या पैशाची पावती तिने एकटीने दिली तरी पुरे. मोठं पाऊल होतं. पण हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रिया त्यातून वगळलेल्या होत्या! म्हणजे देशातल्या बहुसंख्य बायका बाहेरच. १९२३च्या दुरुस्तीने त्याच कायद्यातलं सहावं कलम त्यांनाही लागू झालं. नवऱ्याने बायकोमुलांच्या हितासाठी म्हणून विमा उतरवला, तर त्या रकमेला त्याचे सावकार हात लावू शकत नाहीत, असं ते कलम आहे. उपयोगाचं आहे, आजही आहे. पण हे नवऱ्याच्या कमाईचं संरक्षण झालं, तिच्या कमाईचं नव्हे.

हिंदू स्त्रीपुरतं याचं स्पष्ट उत्तर १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने दिलं. स्त्रीच्या ताब्यातल्या मालमत्तेची ती पूर्ण मालक. मालमत्ता कोणकोणत्या मार्गांनी मिळालेली, याची जी यादी तिथे आहे, तीत स्वतःच्या कौशल्याने वा श्रमाने मिळवलेलीही आहे. कात्यायनाने जे वगळलं होतं, नेमकं तेच इथे आत आलं. १८७४ ते १९५६, तब्बल ८२ वर्षं!

पण मालकी कागदावर आली म्हणून ताबा येतो का? तत्त्वज्ञानात आम्ही या दोन गोष्टी वेगळ्या मानतो, आणि व्यवहारात तर त्या वेगळ्याच असतात. मुंबईच्या गिरणगावात खाणावळ चालवणाऱ्या बायकांचं पाहा. गिरणी कामगारांना महिनाभर जेवू घालायचं आणि पैसे पगाराला घ्यायचे. मधल्या काळात किराणा भरायचा कशातून? सावकाराकडून. रुपयाला महिना एक आणा व्याज म्हणजे वर्षाला ७५ टक्के. पोटापुरतं उरलं तरी खूप. बाई उत्तम हिशेबी होती, पण तिला भांडवल नव्हतं आणि बँक तिला दारात उभी करत नव्हती.

उत्तर बायकांनीच शोधलं. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच लिज्जत. १९७४ साली अहमदाबादेत इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेतल्या ४,००० बायकांनी प्रत्येकी १० रुपये काढून स्वतःची बँक उभारली. बहुतेकींना सही येत नव्हती, तेव्हा ओळख पटवायला फोटो आला. पुढच्याच वर्षी मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संस्था उभी केली आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सावकाराचा फास सैल झाला. घरोघरच्या भिशीमागेही हीच बुद्धी आहे. घरात राहिलेला पैसा घराचा होतो. दहाजणींत ठरवून ठेवलेला पैसा तिचा राहतो.

म्हणून नोकरी करणाऱ्या मुलींना मी एवढंच म्हणेन. घरखर्चात वाटा जरूर उचला, तो ठरवून उचला. पण पगार स्वतःच्या नावाच्या खात्यात येऊ द्या आणि त्या खात्याचं कार्ड, पासवर्ड आपल्याच हाती ठेवा. वहीत ‘माझं’ म्हणून एक रकाना करा, दर महिन्याला भरा, म्हातारपणासाठी. ‘घरात वेगळं काय करायचंय?’ असं कुणी विचारलं, तर भांडू नका. एवढंच विचारा, की घराच्या खर्चात हा रकाना नेमका कुठे लिहिलाय, ते दाखवा.