बोडक्या डोक्याची बढाई

डिसेंबर आला की निफाडचा पारा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो, वेण्णा तलावाकाठच्या गोठलेल्या दवाची छायाचित्रे फिरू लागतात आणि चहाच्या टपरीवर एक जुना खटला पुन्हा उभा राहतो. पंचविशीतला कोणी कानटोपी घालून आला की त्याला लगेच विचारले जाते, 'काय आजोबा, पेन्शन मिळाली का?' स्वेटर चालतो, जर्किन तर मिरवायचेच असते. कान झाकले की मात्र पुरुषाचे वय एकदम साठीच्या पुढे जाते. मफलरची गत याहून वाईट. अरविंद केजरीवाल खोकल्याने हैराण असत हे सगळ्या देशाला ठाऊक होते, तरी त्यांच्या मफलरवर विनोद करण्यात देशाने काही कसर ठेवली नाही. पुढे समर्थकांनीच तो मफलर प्रचारात मिरवला, ही गोष्ट वेगळी.

या थट्टेमागे एक मत आहे आणि ते गंभीरपणे मांडणारेही पुष्कळ आहेत. थंडी सोसणे हे पुरुषाला शोभते. अंगाला सवय लावली की थंडी वाजत नाही. डोके-कान गुंडाळणारा स्वतःला नाजूक करून घेतो. व्यायामशाळेतली मंडळी हे विशेष आवेशाने सांगतात. हा पूर्वपक्ष खोडायचा तर आधी आपल्या बाजूची घाण काढली पाहिजे, कारण कानटोपीच्या वतीने आजवर जी वकिली झाली तीही बरीचशी खोटी आहे.

'शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. अमेरिकी लष्कराच्या १९७० च्या एका पुस्तिकेत ४० ते ४५ टक्के असा आकडा छापला गेला आणि तो जगभर पसरला. रेचल व्रीमन आणि ॲरन कॅरोल या डॉक्टरांनी २००८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तो मोडीत काढला. मोठ्या माणसाचे डोके म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा. उघड्या अंगाने उभे राहिलात तर उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात जाणार. तेव्हा निम्म्याचा आकडा सोडून द्यावा. 'टोपी नसली की सर्दी होते' हेही सोडावे. सर्दी विषाणू करतात. कानातून वारे डोक्यात शिरते, असे आजी सांगत. पण कानाच्या पडद्यापलीकडे वारे जात नाही.

इतके सोडूनही हातात पुष्कळ उरते. थंडी लागली की हातापायांची बोटे गार आणि फिकी पडतात, कारण तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि शरीर रक्त आत राखून धरते. डोक्याच्या कातडीत हे फारसे घडत नाही. फ्रोझे आणि बर्टन यांनी १९५७ मध्ये याची मोजदाद केली. बाकी अंग उबदार कपड्यांत असलेला, स्वस्थ बसलेला माणूस घेतला, तर शून्याखाली ४ अंशांना त्याच्या उघड्या डोक्यातून जाणारी उष्णता ही शरीर तयार करत असलेल्या उष्णतेच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते. म्हणजे लष्करी पुस्तिकेचा आकडा सरसकट खोटा, पण जर्किन घालून डोके उघडे टाकणाऱ्याच्या बाबतीत तो सत्याच्या बराच जवळ. सगळ्या खिडक्या लावून घ्याव्यात आणि दार सताड उघडे ठेवावे, असा हा प्रकार आहे. बोडक्या डोक्याने जर्किन मिरवणारे नेमके हेच करतात. बाहेरच्या कानाच्या कूर्चेवर तर चरबीचे अस्तर जवळजवळ नसतेच. म्हणून हिमदंश होतो तो आधी बोटांना, नाकाला आणि कानांना. आपल्याकडे हिमदंशाची वेळ येत नाही, पण १० अंशांच्या पहाटे ताशी ५० किलोमीटर वेगाने दुचाकी हाकली तर उघड्या कातडीला ती थंडी साडेपाच अंशांसारखी लागते. मफलरचे काम आणखी वेगळे. नाकातोंडावरून घेतला की श्वासातली हवा थोडी उबदार आणि दमट होऊन आत जाते. दमेकऱ्याला हा फरक विचारून पाहावा.

उघड्या डोक्याने पुरुषार्थ सिद्ध करण्याचा एक नामांकित प्रयोग १८४१ मध्ये वॉशिंग्टनला झाला. विल्यम हेन्री हॅरिसन ६८ व्या वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. निवडणुकीत विरोधकांनी त्यांना 'आजीबाई' म्हणून चिडवले होते. ४ मार्चच्या गार वाऱ्यात या गृहस्थांनी ओव्हरकोट आणि हॅट बाजूला ठेवून पावणेदोन तास भाषण केले. बरोबर महिन्याने, ४ एप्रिलला ते वारले. टोपीवाले ही कथा मोठ्या समाधानाने सांगतात. पण ती आपल्या कामाची नाही. ते आजारी पडले ते भाषणानंतर तीन आठवड्यांनी, आणि २०१४ मध्ये दोन संशोधकांनी त्यांच्या डॉक्टरच्या नोंदी तपासून दूषित पाण्यामुळे झालेल्या आंत्रज्वराकडे बोट दाखवले. हॅरिसन टोपीवाचून मेले नाहीत. मात्र 'आजीबाई' या एका शब्दाने सेनापती राहिलेल्या माणसाची हॅट उतरवली, हे तर खरेच. टपरीवरचा 'आजोबा' दुसरे काय करतो?

'सवय लावा' या मुद्द्यात तथ्य आहे. शरीर थंडीला सरावते. त्याचा सर्वांत चांगला अभ्यासलेला दाखला कोरियातल्या जेजू बेटाकडच्या हेन्यो पाणबुड्यांचा आहे. भर हिवाळ्यात पातळ सुती कपड्यांत समुद्रात बुड्या मारून मारून त्यांच्या शरीराची उष्णता निर्माण करण्याची क्षमता वाढलेली आढळली. या सगळ्या स्त्रिया. १९७० च्या दशकात त्यांना रबरी पोशाख मिळाले आणि काही वर्षांत तो सराव ओसरला. त्याबद्दल त्यांनी हळहळ केल्याचे ऐकिवात नाही. मोटारीपासून जिमच्या दारापर्यंतच्या वीस पावलांत असला सराव होत नाही.

आता परंपरेकडे वळू, कारण 'आपले पूर्वज असे लाड करत नव्हते' हा शेवटचा बाण नेहमी निघतो. पूर्वजांची छायाचित्रे काढून पाहा. टिळकांची पगडी, जोतीराव फुल्यांचे पागोटे, शाहू महाराजांचा फेटा. गाडगेबाबांनीही डोक्यावर फुटके गाडगे उपडे घातलेच. बोडक्या डोक्याने बाहेर पडणे हे अशुभाचे किंवा सुतकाचे लक्षण मानणारा हा समाज. कोणी म्हणेल, पगडी उबेसाठी नव्हती, प्रतिष्ठेसाठी होती. बरोबर, तिच्यात जातही बांधलेली होती, आणि ती गेली याचे मला दुःख नाही. पण मग झाकलेले डोके दुबळेपणाचे, ही कल्पना परंपरेच्या नावावर तरी खपवू नये. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात उष्णीष म्हणजे पागोटे वारा, ऊन आणि धूळ निवारते असे सांगितले आहे. वाग्भट तर रात्री निकडीच्या कामाला निघणाऱ्याने हाती काठी, डोक्याला पागोटे आणि सोबतीला माणूस घ्यावा म्हणतो. हे शास्त्रकार काही जर्किनवाले नव्हते.

वाग्भटाचा तो रात्रीचा माणूस आजही दिसतो. शेतीपंपाची वीज पुष्कळ ठिकाणी आळीपाळीने दिवसा आणि रात्री येते. गव्हाला, हरभऱ्याला, कांद्याला पाणी द्यायचे दिवस नेमके थंडीचे. रात्री बारानंतर दारे धरायला गेलेल्या शेतकऱ्याला पाहा: पाय घोट्यापर्यंत गार चिखलात, एका हातात फावडे, दुसऱ्यात बॅटरी, जवळच्या उसात बिबट्या असण्याची धास्ती, आणि कान घट्ट बांधलेले, कधी कानटोपीने, कधी मफलरने, काही नसले तर टॉवेलने. पहाटे फडात उतरणारा ऊसतोड कामगार, दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला गवळी, रात्रपाळीचा एसटी चालक, घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेतलेला धनगर, साऱ्यांचे डोके झाकलेले. सियाचिनमध्ये १९८४ पासून शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानाने अधिक जवान घेतले. तिथे कोणी बोडक्या डोक्याने शौर्य दाखवत नाही. आपण जिला माकडटोपी म्हणून हसतो ती क्रिमियन युद्धातल्या सैनिकांसाठी विणली गेली, आणि १८५४ च्या बालाक्लाव्हाच्या लढाईवरून पुढे तिला 'बालाक्लाव्हा' हे इंग्रजी नाव मिळाले.

म्हणून माझे म्हणणे उलटेच आहे. बोडके डोके हे कणखरपणाचे चिन्ह नसून थंडीत राबावे न लागण्याचे चिन्ह आहे. ज्याला चार तास उघड्यावर काढायचे असतात तो कान झाकतो. चार मिनिटांत पुन्हा छपराखाली जाणाऱ्याला मिशीवर ताव देणे परवडते. त्या परवडण्याला त्याने मर्दानी म्हणू नये, आणि राबणाऱ्याला आजोबा तर नाहीच नाही.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. लोंबता मफलर जीव घेऊ शकतो. नर्तिका इझाडोरा डंकन १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात मोटारीत बसली, गळ्यातला लांब स्कार्फ चाकात अडकला आणि ती जागीच गेली. कानटोपी हेल्मेटखाली बसते, पण हेल्मेटची जागा घेत नाही. कान झाकले की हॉर्नही कमी ऐकू येतो. तेव्हा या हिवाळ्यात दुचाकी काढण्यापूर्वी मफलरला दोन वेढे द्या, दोन्ही टोके जर्किनच्या आत खोचा, वर हेल्मेट घाला, आणि टपरीवर कोणी आजोबा म्हणालेच तर चहाचे पैसे त्याला द्यायला लावा.