घोळ : एका तणाची कुळकथा

पाटाच्या कडेला, परसातल्या वाफ्यात आणि फरशीच्या फटींतही उगवणारी घोळ शेतकऱ्याच्या लेखी तण आहे, तर स्वयंपाकघराच्या लेखी आंबूस चवीची पालेभाजी; आणि तिच्या दीर्घ इतिहासात ही दोन्ही नाती एकमेकांना धरूनच चालत आली आहेत. तिला पोर्टुलाका ओलेरासिया हे शास्त्रीय नाव कार्ल लिनियस याने १७५३ साली ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात दिले.

घोळीचा मूळ प्रदेश उत्तर आफ्रिकेपासून पश्चिम आशियामार्गे भारतीय उपखंडापर्यंत पसरलेला असल्याचे सामान्यतः मानले जाते. ग्रीसमधील सामोस बेटावर हेरा देवीच्या मंदिराच्या परिसरातील उत्खननात इ. स. पूर्व सातव्या शतकातील थरांत तिच्या बिया सापडल्या आहेत. कॅनडातील क्रॉफर्ड सरोवराच्या तळच्या गाळात ती पंधराव्या शतकात, म्हणजे कोलंबसाच्या आधीच, आढळत असल्याने युरोपीय वसाहतींनी तिला अमेरिकेत नेले हे जुने मत मागे पडले. इंग्लंडमध्ये जॉन जेरार्ड याने १५९७ च्या आपल्या वनस्पतिकोशात तेल, मीठ व सिरका घालून ती कच्ची खाण्याची रीत नोंदवली. भारतात सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या ग्रंथाच्या निघंटुभागात, म्हणजे औषधी द्रव्यांच्या नामगुणकोशात, लोणी आणि मोठी लोणी असे दोन भेद येतात, आणि मराठी मुलुखातही बारीक पानांची चिवळ व रुंद पानांची घोळ यांत असाच फरक केला जातो.

मनुष्यवस्तीच्या मागोमाग ही वनस्पती सर्वत्र पोहोचली, याचे कारण तिच्या रचनेत आहे. तिचे फळ म्हणजे एक इवलीशी कुपी असते. ते पिकल्यावर वरचे झाकण आडवे सुटते आणि आतल्या बारीक काळ्या बिया मातीत सांडतात. खुरपून बांधावर टाकलेला तिचा मांसल दांडाही ओल मिळताच पुन्हा मुळे धरतो. प्रखर उन्हात कार्यक्षमतेने अन्न तयार करण्याची चार-कार्बन पद्धती तिच्याकडे आहेच, शिवाय पाणी तुटल्यावर ती रात्री कर्बवायू आम्लाच्या रूपात साठवून दिवसा वापरते. या दोन्ही क्रिया एकाच पेशीत चालतात, असे येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले. पाण्याच्या ताणात वाढलेली घोळ सकाळी अधिक आंबट आणि संध्याकाळी सौम्य लागते, ती या साठवलेल्या आम्लामुळेच.

खाण्यासाठी ती खुडताना पहिली कसोटी ओळखीची असते. घोळीचा दांडा गुळगुळीत, रसरशीत व बहुधा तांबूस असतो, पाने जाड व टोकाशी गोलसर असतात, फुले पिवळी असतात, आणि दांडा मोडल्यास त्यातून पाण्यासारखा स्वच्छ रस निघतो. तिच्याच शेजारी जमिनीलगत पसरणाऱ्या दुधीवर्गीय तणांच्या मोडलेल्या दांड्यातून पांढरा चीक येतो. हा चीक दाहक असल्याने अशी वनस्पती खाऊ नये. रस्त्याची कड, सांडपाण्याची जागा किंवा तणनाशक फवारलेले शेत येथील घोळही वर्ज्य मानावी, कारण ती मातीतील जड धातू शोषून घेते.

दुसरी कसोटी ऑक्झॅलिक आम्लाची आहे. हे आम्ल व त्याचे क्षार घोळीत भरपूर असतात, आणि शरीरात शोषले गेलेले ऑक्झॅलेट लघवीत कॅल्शियमशी संयोग पावले की मूतखडा होऊ शकतो. घोळ उकळून पाणी काढून टाकल्यास विरघळणाऱ्या ऑक्झॅलेटचा बराच भाग निघून जातो. महाराष्ट्रात घोळ हरभऱ्याची डाळ व दाणे घालून शिजवतात, डाळीचे पीठ लावलेल्या ताकात उकळतात आणि वर लसणाची फोडणी देतात, तर तुर्कस्तानात तीच भाजी दह्यात कालवतात. दोन्हीकडे दुधातील कॅल्शियम ऑक्झॅलेटचा काही अंश भांड्यातच बांधून टाकते आणि तो अंश न शोषला जाता शरीराबाहेर पडतो. चवीसाठी रुळलेल्या या रीतीला रसायनशास्त्राचाही असा आधार आहे. तरीही ज्यांना मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी ही भाजी वैद्यकीय सल्ल्याशिवाय खाऊ नये. निरोगी माणसासाठी मात्र ती पौष्टिक आहे: आर्टेमिस सिमोपोलोस व नॉर्मन सेलम यांनी १९८६ मध्ये तिच्यातील ओमेगा-३ या मेदाम्लांकडे लक्ष वेधले, आणि पुढील मोजणीत १०० ग्रॅम ताज्या पानांत त्यांचे प्रमाण सुमारे ३०० ते ४०० मिलिग्रॅम आढळले.

लागवडीला श्रम फारसे पडत नाहीत. बियांना रुजण्यासाठी उजेड लागत असल्याने त्या मातीत न पुरता ओल्या वाफ्यावर नुसत्या भुरभुरतात किंवा बोटभर लांबीचे दांडे खोचतात. पाण्याचा निचरा व भरपूर ऊन एवढे मिळाले की पुरते. फुलोरा येण्यापूर्वी, खालची दोन-तीन पेरे राखून शेंडे खुडल्यास नवी फूट येते आणि बिया सांडून वाफाभर तण माजत नाही.

घोळीच्या बिया मातीत वर्षानुवर्षे तग धरतात, त्यामुळे वनस्पती म्हणून ती नाहीशी होण्याची भीती नाही. परंतु तिची खूण, ताकात शिजवण्याची रीत आणि ती कोणी, कितपत खावी याचे तारतम्य शिकवल्यावाचून पुढच्या पिढीकडे जात नाही, आणि म्हणूनच शाळांच्या परसबागांत व रानभाजी महोत्सवांत घोळीची जुडी या माहितीसह ठेवली जाणे अगत्याचे आहे.