ब्लूटूथचं आजोळ

ब्लूटूथची कुळकथा सांगायची म्हटली की सगळे दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड ‘ब्लूटूथ’ राजापाशी जातात. नाव त्याचंच आहे, इंटेलच्या जिम कार्डाक यांनी सुचवलेलं. पण एका फोनातली फाइल दुसऱ्या फोनात कशी जाऊ लागली, हे राजाच्या गोष्टीतून कळत नाही. त्यासाठी ब्लूटूथच्या आजोळी, अवरक्त किरणांकडे, जावं लागतं.

१९९० साली ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-४८एसएक्स हा कॅल्क्युलेटर आला. असे दोन कॅल्क्युलेटर डोक्याला डोकं लावून ठेवले की एकातला प्रोग्रॅम वायरीविना दुसऱ्यात जाई. १९९३ मध्ये अवरक्त संपर्काचे सामाईक नियम ठरवायला ‘इर्डा’ ही संघटना उभी राहिली. १९९८ च्या पाम-३ या हातात मावणाऱ्या संगणकावर माणसं एकमेकांना व्हिजिटिंग कार्डं पाठवू लागली. अंतर जेमतेम मीटरभर, आणि हात हलला की संपर्क तुटला.

इर्डाने मागे ठेवलेली खरी इस्टेट म्हणजे ओबेक्स हा संवादाचा नियम. आधी जोडणी मागायची, मग फाइलचं नाव, प्रकार आणि आकार कळवायचा, मग तुकड्यातुकड्यांनी मजकूर द्यायचा. घेणाऱ्याला वाटलं तर तो नकार देऊ शकतो. ‘फाइल स्वीकारायची का?’ असं फोन विचारतो, त्याला जागा या रचनेतच आहे.

इकडे स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक्सनमध्ये १९९४ पासून याप हार्टसेन आणि नंतर स्वेन मॅटिसन कमी पल्ल्याचा, कमी वीज खाणारा रेडिओ, म्हणजेच पुढचं ब्लूटूथ, घडवत होते. २.४ गिगाहर्ट्झच्या गजबजाटात टिकण्यासाठी तो ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० उड्या मारतो. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या कंपन्या त्यासाठी एकत्र आल्या. फाइलींचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी नवा नियम रचला नाही, इर्डाचा ओबेक्सच घेतला. या कथेतला मला सर्वांत आवडणारा निर्णय हाच. प्रकाश जाऊन रेडिओ आला, बोलायची रीत तीच राहिली.

‘ब्लूटूथ चालू कर, गाणं टाकतो’ हे वाक्य मग आपल्या कॉलेजच्या कट्ट्यांवर रुळलं. पहिल्या आवृत्तीचा वेग एका दिशेला सेकंदाला सुमारे ७२३ किलोबिट. पाच एमबीचं गाणं मिनिटभरात जाई, पण ७०० एमबीच्या सिनेमाला दोन तासांहून जास्त लागत. म्हणून वाहतूक वाय-फायकडे गेली. २०११ मध्ये ॲपलचं एअरड्रॉप आलं. भारतात शेअरइट हे ॲप घरोघरी पोचलं आणि जून २०२० मध्ये त्यावर बंदी आली. त्याच वर्षी गूगलचं निअरबाय शेअर आलं, तेच २०२४ पासून क्विक शेअर. एअरड्रॉप आणि क्विक शेअरमध्ये ब्लूटूथ शेजारचा फोन शोधतं, मोठं ओझं बहुधा वाय-फाय वाहतं.

आयफोनात मात्र ब्लूटूथ असूनही त्यावरून साधा फोटो शेजारच्या अँड्रॉइडला देता येत नाही. ओबेक्सने फाइल देण्याघेण्याची सोय ॲपलने त्यात ठेवलीच नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलावं म्हणून जो नियम घडला, त्याला असं दाराबाहेर ठेवणं मला आजही पटत नाही.