मद्रास बंदरातून परदेशी गेलेले कारागीर आणि त्यांची कुटुंबे : ‘कुशल’ कोण हे कोणी ठरवले?

प्रस्तावना

परदेशी कामासाठी निघालेल्या सुताराला, गवंड्याला किंवा वायरमनला आजही दोन गोष्टी विचारल्या जातात. तुमचे कौशल्य कोणत्या कागदाने सिद्ध होते? आणि तुमच्याबरोबर कुटुंब येणार आहे का? हे प्रश्न नवे नाहीत. प्रस्तुत पाठात आपण मद्रास (१९९६ पासून चेन्नई) येथून दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीकडे झालेल्या स्थलांतराच्या आधारे त्यांचा इतिहास पाहणार आहोत. या पाठातील मुख्य मुद्दा असा की, ‘कुशल’ कोण हे बहुतेक वेळा हातातल्या कामावरून ठरले नाही, ते कायद्याच्या व्याख्येवरून ठरले. बायको-मुलांना सोबत ठेवण्याचा हक्कही त्या व्याख्येला बांधला गेला.

गिरमिट आणि कुटुंब

१८६० साली मद्रासला सुरक्षित गोदी नव्हती. जहाजे खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि माणसांना मसुला नावाच्या होड्यांतून लाटा ओलांडून जहाजापर्यंत नेले जाई. अशाच रीतीने ३४२ प्रवासी घेऊन ‘ट्रुरो’ हे जहाज मद्रासहून निघाले आणि १६ नोव्हेंबर १८६० रोजी दरबानला पोहोचले. नाताळला गेलेले हे पहिले करारबद्ध भारतीय होत. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचे लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. १८६० ते १९११ या काळात १,५२,१८४ भारतीय गिरमिटावर नाताळला गेले. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मद्रासमार्गे गेले.

पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग पगार आणि पुढे दरवर्षी एका शिलिंगाची वाढ, असा सर्वसाधारण करार असे. भरती मुख्यतः उसाच्या मळ्यांसाठी होई. त्यामुळे मूळचा विणकर असो वा सुतार, कराराच्या दृष्टीने तो मजूरच ठरत असे. पुढे स्वयंपाकी, वाढपी, कारकून अशांची ‘विशेष नोकर’ म्हणून वेगळी भरती होऊ लागली.

कुटुंबाचे काय? सरकारने जहाजावरील स्त्रियांचे प्रमाण ठरवून दिले होते. पुढे ते दर १०० पुरुषांमागे ४० स्त्रिया असे स्थिरावले. येथे विद्यार्थ्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. हा नियम जहाजावरील एकूण संख्येविषयी होता. विशिष्ट पुरुषाला त्याची पत्नी सोबत नेता यावी असा हक्क त्यातून मिळत नव्हता.

लिहिता येते का?

गिरमिट संपल्यावर अनेकांनी नाताळमध्येच भाजीचे मळे, फेरीचा धंदा, मासेमारी आणि लहानमोठी कारागिरी सुरू केली. याशिवाय स्वतःच्या खर्चाने आलेले व्यापारी होतेच. गोऱ्या दुकानदारांना आणि कारागिरांना ही स्पर्धा नको होती. त्यातून १८९७ चा प्रवेशनिर्बंध कायदा झाला. त्यात भारतीयांचे नाव नव्हते. नव्याने येणाऱ्याला एखाद्या युरोपीय भाषेच्या लिपीत अर्ज लिहिता आला पाहिजे, अशी अट होती. गिरमिटाच्या मजुरांना ती लागू नव्हती.

या अटीचा परिणाम पाहण्यासारखा आहे. उत्तम लाकूडकाम करणारा, पण फक्त तमिळ लिहिणारा माणूस प्रवेशास अपात्र ठरे. इंग्रजी लिहिता येणारा कारकून पात्र ठरे आणि त्याच्या पत्नीला व अज्ञान मुलांनाही प्रवेश मिळे. म्हणजे घरातील एका माणसाच्या परीक्षेवर सगळ्या घराचे भवितव्य अवलंबून होते.

कर, विवाह आणि सत्याग्रह

१८९५ च्या कायद्याने गिरमिट संपल्यावर मायदेशी न परतणाऱ्या आणि नवा करार न करणाऱ्या माणसावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसवला. १९०३ मध्ये तो १६ वर्षांवरील मुलगे आणि १३ वर्षांवरील मुली यांनाही लागू करण्यात आला. नवरा, बायको आणि या वयाची दोन मुले असलेल्या घराला वर्षाला १२ पौंड, म्हणजे २४० शिलिंग द्यावे लागत. गिरमिटाच्या पाचव्या वर्षीचा पगार महिना १४ शिलिंग होता. त्या दराने ही सतरा महिन्यांहून अधिक कमाई होते. कुटुंब घेऊन स्थायिक होणे जणू दंडनीय करून टाकले होते.

१९१० साली मध्यवर्ती कायदेमंडळात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी नाताळसाठी होणारी करारबद्ध भरती बंद करण्याचा ठराव मांडला आणि तो मान्य झाला. १ जुलै १९११ पासून ही भरती थांबली. गिरमिट पद्धत सर्वत्र रद्द करावी हा त्यांचा १९१२ चा ठराव मात्र फेटाळला गेला. त्याच वर्षी गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तीन पौंडांचा कर हा तेथील चर्चेचा प्रमुख विषय होता.

मार्च १९१३ मध्ये केप येथील न्यायमूर्ती सर्ल यांच्या निकालामुळे ख्रिस्ती पद्धतीने न झालेले विवाह प्रवेशाच्या कायद्यापुरते अमान्य ठरण्याची वेळ आली. हिंदू, मुसलमान आणि पारशी पत्नींचा दर्जाच धोक्यात आला. त्यानंतरच्या सत्याग्रहात स्त्रिया मोठ्या संख्येने उतरल्या आणि त्यांत तमिळ स्त्रिया आघाडीवर होत्या. जोहान्सबर्गमध्ये वाढलेली तिल्लैयाडी वल्लियम्मै तुरुंगातून आजारी होऊन सुटली आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजी मरण पावली. १९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर रद्द झाला आणि भारतीय विवाहांना मर्यादित मान्यता मिळाली.

भारतीय कायद्यातील ‘कुशल’

यानंतर व्याख्या करण्याचे काम भारतातच झाले. १९२२ च्या स्थलांतर कायद्याने अकुशल मजुरांना फक्त सरकारने जाहीर केलेल्या देशांत जाण्याची परवानगी दिली. कुशल कामासाठी माणसे नेणाऱ्याला पगार, निवास व परतीची सोय यांची माहिती देऊन परवानगी घ्यावी लागे. या कायद्यात ‘कुशल काम’ म्हणजे कारागिरी, कारकुनी, दुकानातील नोकरी, खेळ-प्रदर्शनातील काम, उपाहारगृहातील आणि घरगुती नोकरी. म्हणजे घरकाम करणारा नोकर कुशल आणि पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा अकुशल! ही रेषा कौशल्य मोजून आखलेली नव्हती. मळ्यांची भरती रोखणे हा तिचा हेतू होता.

आखाती देशांत मागणी वाढल्यावर १९७८ मध्ये तमिळनाडू सरकारने परदेशी नोकऱ्यांसाठी स्वतःचे महामंडळ स्थापन केले आणि १९८३ मध्ये नवा केंद्रीय कायदा आला. त्याच्या व्याख्येनुसार ‘स्थलांतरित’ म्हणजे नोकरीसाठी जाणारा माणूस. त्याच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय स्पष्टपणे त्यातून वगळले आहेत. दहावी उत्तीर्ण किंवा मान्यताप्राप्त संस्थेतून दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम केलेल्याला परवानगीची अट नाही. वीस वर्षे काम केलेल्या, पण दहावी न झालेल्या मिस्त्रीला मात्र ठरावीक देशांत जाण्यापूर्वी चेन्नईसारख्या ठिकाणच्या स्थलांतर संरक्षक कार्यालयाची परवानगी लागते. यात संरक्षणाचा हेतू आहे, पण कागदाचे वजन हातापेक्षा जास्त आहे हेही खरे.

कुटुंबाचा निर्णय जाण्याच्या देशात होतो. संयुक्त अरब अमिरातीत २०१९ पासून कुटुंबाला बोलावण्यासाठी व्यवसायाची अट काढली गेली आणि महिना ४,००० दिरहॅम, किंवा निवासासह ३,००० दिरहॅम पगाराची अट ठेवली गेली. याउलट कॅनडाच्या २०१३ मध्ये सुरू झालेल्या कुशल कारागीर योजनेत पती किंवा पत्नी व मुले एकाच अर्जात येतात. तीच वेल्डिंग करणारा माणूस एका देशात एकटा राहतो, दुसऱ्या देशात कुटुंबासह राहतो.

सारांश

जहाजावरील ४० टक्क्यांचा नियम, १८९७ ची लिपीची अट, तीन पौंडांचा कर आणि आजची पगाराची मर्यादा या वेगवेगळ्या काळातल्या गोष्टी आहेत. परंतु प्रत्येक वेळी मजुराचे श्रम हवे होते आणि त्याच्या कुटुंबाचे काय करायचे हे दुसऱ्याने ठरवले. १९१३ चे महत्त्व यासाठी की, त्या वेळी कुटुंबांनीच, विशेषतः स्त्रियांनी, हा निर्णय आपल्या हाती घेण्याचा प्रयत्न केला.

विचारासाठी प्रश्न

१. स्त्रियांचे प्रमाण ठरवणारा नियम आणि कुटुंबाचा हक्क यांतील फरक स्पष्ट करा.
२. १८९७ ची लिपीची अट आणि आजची दहावीची अट यांत साम्य कोणते व भेद कोणता?
३. तुमच्या गावातून परदेशी कामाला गेलेल्यांपैकी कुटुंबासह कोण गेले आणि एकटे कोण गेले? त्यामागची कारणे शोधा.